वहीतले बारा किलो

पत्र

"मी नंदुरबारला एका मिरची व्यापाऱ्याच्या पथारीवर हिशेब बघतो. वय छत्तीस. आम्ही तिसऱ्या पिढीचे ख्रिस्ती. लहानपणी शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या बायबलच्या वर्गात, पाठांतरात माझा पहिला नंबर यायचा, आजही पुष्कळ वचनं तोंडपाठ आहेत. यंदा वर्षभरात पूर्ण बायबल वाचायचं ठरवलंय, त्यासाठी पहाटे पाचला उठतो. पण स्वभाव आहे तसाच आहे. वाचून उठतो आणि चहाला जरा उशीर झाला की बायकोवर ओरडतो. गाडीचा आवाज आला की मुलगी आतल्या खोलीत निघून जाते. परवा बायको म्हणाली, 'बायबल वाचीसन उठतस आन् मनावरच वरडतस.' (बायबल वाचून उठता आणि माझ्यावरच ओरडता.) मी तिला पत्नीने पतीच्या अधीन असावं हे वचन दाखवलं, तर दोन दिवस ती बोललीच नाही. कामावर मी शांत असतो. सेठच्या सांगण्यावरून देठ खुडणाऱ्या बायांच्या टोपलीचे वरचे ग्रॅम वहीत धरत नाही, तेवढं सगळीकडेच चालतं, बाकी हिशेब चोख असतो. त्यातल्या काही बाया आमच्याच मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या आहेत. वचन माझ्यात उतरत का नाही? माझा विश्वासच खोटा असेल का? उपवास धरू का?"

— एक वाचक, नंदुरबार

उत्तर

प्रिय भाऊ, प्रभूमध्ये सलाम.

तुमचं पत्र दीड पानाचं आहे. मी इथं ते थोडक्यात दिलंय. त्यात रागाबद्दल भरपूर लिहिलंय आणि ग्रॅमबद्दल एकच ओळ आहे. तिलाही 'तेवढं सगळीकडेच चालतं' अशी पुस्ती जोडलीय. मी सुरुवात त्या ओळीपासून करणार आहे. राग बाजूला ठेवायचा म्हणून नव्हे, तर मला त्याचं मूळ तिथं दिसतं म्हणून.

वचन तुमच्यात उतरत नाही असं तुम्ही म्हणता. मला तसं वाटत नाही. ते केव्हाच उतरलंय आणि तुम्ही रोज त्याच्याशी हुज्जत घालताय. नाहीतर घरातल्या रागावर सल्ला मागणाऱ्या पत्रात टोपलीच्या वजनाचा विषय आलाच नसता. तो कोणी विचारला नव्हता, तो तुमच्या हातून लिहिला गेला. पुढं त्या बाया आपल्याच मंडळीतल्या आहेत, हेही तुम्हीच लिहिलंत. दगड झालेल्या मनाला असल्या गोष्टी आठवत नाहीत.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. पथारी म्हणजे ओली लाल मिरची वाळत घालायची मोकळी जागा. हंगामात नंदुरबारच्या आसपास जमीन दिसत नाही, नुसती लाल मिरची पसरलेली असते आणि रस्त्यानं जाणाऱ्यालाही ठसका लागतो. तिथं बाया नाकातोंडाला फडकं बांधून दिवसभर बसतात आणि वाळलेल्या मिरचीचे देठ खुडतात. मजुरी किलोवर. रात्री पीठ मळायला घेतलं की बोटांची आग होते, लेकराच्या तोंडावरून हात फिरवायची सोय नसते. वाळकी मिरची वजनाला हलकी, त्यामुळे सातशे ग्रॅम भरायचे तर शेकडो मिरच्या त्या बोटांखालून जाव्या लागतात. संध्याकाळी ती बाई टोपली काट्यावर ठेवते. काटा १२ किलो ७०० ग्रॅम दाखवतो आणि वहीत लिहिलं जातं १२. इलेक्ट्रॉनिक काट्यावर दरवर्षी वैधमापनवाल्यांचा शिक्का घ्यावा लागतो, तसा तुमच्याही काट्यावर असेल. म्हणजे काटा खरा आहे, खोटी आहे ती वही. आणि वहीतलं अक्षर तुमचं आहे.

मोठ्या वजनानं घ्यायचं नि लहान वजनानं द्यायचं, अशी दोन प्रकारची वजनं थैलीत ठेवू नयेत, ही आज्ञा बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात आहे. खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे, हे नीतिसूत्रांच्या ११ व्या अध्यायाचं पहिलंच वचन. आमोसाच्या ८ व्या अध्यायात व्यापारी शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, कधी संपतो याची वाट बघत बसलेत, कारण त्यांना माप लहान करून धान्य विकायचंय. उपासनेला ते हजर होते, पण मन बाजारात होतं. ही वचनं तुम्हाला माहीत आहेत. मला एवढंच सांगायचंय की रोज पहाटे पाचला तुम्ही ज्या देवासमोर बसता, तो संध्याकाळी सहाला काट्यापाशीही असतो, आणि हे तुमच्या मनाला कळतं. दिवसभर सेठसमोर तुम्ही शांत राहता कारण तिथं बोलायची हिंमत होत नाही. मग गिळलेलं सगळं घेऊन घरी येता, आणि जिच्यासमोर बोलायला हिंमत लागत नाही तिच्यावर ओरडता. हा माझा अंदाज आहे, तुम्ही तो तपासून बघा. मजुरी वाटपाच्या दिवशी घरातला आवाज जास्त चढतो का? पथारीचा हंगाम नसतो तेव्हा तुम्ही कसे असता? उत्तर बायकोला विचारा, ती नेमकं सांगेल.

कारण सापडलं म्हणून रागाला माफी मिळत नाही, हेही स्पष्ट लिहिते. मुलगी गाडीच्या आवाजानं आत पळते, ही तुमच्या पत्रातली सगळ्यात वाईट गोष्ट आहे. हात उचलल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. तसं एकदाही घडलं असेल तर हा सल्ला पुरेसा नाही. आजच मंडळीच्या पाळकांना (पास्टरांना) आणि दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना खरं सांगा, आणि महिलांसाठीचा १८१ हा मदत क्रमांक बायकोच्या हाताशी असू द्या.

आता पाठांतर आणि वाचनाकडे येऊ. पाठांतराला मी कमी लेखत नाही. रानात येशूची परीक्षा झाली तेव्हा त्याच्याजवळ पुस्तक नव्हतं. त्यानं दिलेली तिन्ही उत्तरं अनुवादाच्या ६ व्या आणि ८ व्या अध्यायातली, मनात साठवलेली. पण त्याच प्रसंगात सैतानानंही ९१ व्या स्तोत्रातली वचनं म्हणून दाखवली. दोघांनाही वचन पाठ होतं. येशू ते स्वतःला लावत होता आणि सैतान ते दुसऱ्यावर चालवत होता. भाऊ, बायकोला तुम्ही जे वचन दाखवलंत ते इफिसकरांस पत्राच्या ५ व्या अध्यायातलं. ते तिला उद्देशून आहे, तिचं ती बघेल. तुम्हाला उद्देशून लिहिलेलं वचन त्याच्याच खाली, २५ वं आहे: ख्रिस्तानं मंडळीसाठी स्वतःला देऊन टाकलं तशी पत्नीवर प्रीती करा. कलस्सैकरांच्या ३ ऱ्या अध्यायात तर तिच्याशी कठोरपणे वागू नका असं थेट म्हटलंय. आणि पेत्राच्या पहिल्या पत्रातलं ३:७ शांतपणे वाचा. पत्नीला मान देऊन, समजुतीनं तिच्याबरोबर राहा, म्हणजे तुमच्या प्रार्थनांमध्ये अडथळा येणार नाही, असं तिथं लिहिलंय. पहाटेची प्रार्थना वर पोहोचत नाही असं वाटत असेल, तर अडथळा कुठं आहे ते पेत्रानं सांगून ठेवलंय. निदान वर्षभर तरी बायकोला एकही वचन दाखवू नका. तिनं विचारलं तर सांगा.

वर्षभरात बायबल संपवायचा बेतही सध्या थांबवा. हे लिहिताना मला जरा जड जातं, कारण सगळं बायबल वाचावं असं मी कोणालाही सांगेन. पण एकूण ११८९ अध्याय म्हणजे रोज तीन-सव्वातीन, आणि तुम्ही घड्याळाकडे बघत वाचताय. सातपुड्याच्या उतारावर वळवाचा पाऊस पडावा तसं होतं, पडतो पुष्कळ आणि जिरतो थोडा. पहिल्या स्तोत्रातला धन्य माणूस रात्रंदिवस मनन करतो. किती अध्याय संपवतो, हे तिथं लिहिलेलं नाही.

एकच अध्याय माणसाला किती दूर नेतो, हे पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसतं. १८८३ च्या सुमाराला त्या इंग्लंडात होत्या. समाजानं वाईट ठरवून टाकलेल्या बायकांना तिथल्या ख्रिस्ती भगिनी जवळ करतात, सांभाळतात, हे त्यांनी लंडनच्या फुलम भागात पाहिलं. हे कशामुळं, असं त्यांनी विचारल्यावर एका भगिनीनं त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाच्या ४ थ्या अध्यायातली, विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. पुढं केडगावला आपल्या मुक्ती मिशनमध्ये अशाच बायकांसाठी त्यांनी कृपासदन उभं केलं. विहिरीवरची ती गोष्ट त्या कित्येक वर्षं मनात घेऊन फिरल्या आणि शेवटी तिचं घर झालं, त्यात माणसं राहिली. याच बाईंनी नंतर हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते पूर्ण छापून आलं.

तर तुम्ही याकोबाचं पत्र घ्या. पाच अध्याय, १०८ वचनं. हंगाम संपेपर्यंत तेवढंच वाचा. हेच का, ते सांगते. पहिल्या अध्यायात ऐकायला तत्पर, बोलायला धीमे आणि रागाला मंद असा, माणसाच्या रागानं देवाला हवी असलेली नीती घडत नाही, असं आहे. तिसऱ्या अध्यायात ज्या जिभेनं देवाला धन्यवाद देतो तिनंच देवाच्या प्रतिरूपात घडलेल्या माणसाला शाप देतो, असं आहे. आणि पाचव्या अध्यायाच्या ४ थ्या वचनात शेतं कापणाऱ्या कामकऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी गेली आहे. तुमचं घर आणि तुमची पथारी दोन्ही त्या एका छोट्या पत्रात आहेत. याकोबानं राग आणि मजुरी वेगळी केली नाही, तुम्हीही करू नका.

वाचायचं कसं, तर पहाटे सात-आठ वचनं, मोठ्यानं, दोनदा. त्यातलं एक निवडा आणि आज ते कुठं लागू पडणार आहे, हे आधीच ठरवा. 'मी शांत राहीन' असं मोघम ठरवून काही होत नाही. 'संध्याकाळी गाडी लावल्यावर आत जाऊन पहिलं बोलणं मुलीशी, हळू आवाजात' असं ठरवा. रात्री झोपताना देवाला सांगा, कुठं जमलं, कुठं नाही. ज्या दिवशी ओरडलात त्या दिवशी झोपायच्या आधी माफी मागा, तीही 'चुकलं असेल तर माफ कर' अशी नको. 'भाजीवरून मी तुला मुलीसमोर बोललो, ते चुकलं' अशी मागा. सूर्य मावळायच्या आत राग सोडायला प्रेषित पौल सांगतो, त्याला घरात करायचं हेच आहे. आठवड्यातून एकदा ते वचन घरच्या अहिराणीत बायको-मुलीबरोबर बोलून बघा. शब्बाथ शाळेतलं वचन शाळेच्या भाषेत राहून जातं आणि भांडण मात्र घरच्या बोलीत होतं.

हे एकट्यानं करू नका. मंडळीतला एखादा वयानं मोठा, पोटात गोष्ट ठेवणारा माणूस शोधा आणि महिन्यातून एकदा त्याच्यासमोर खरं बोला. आपल्याकडे प्रार्थनेला उभं राहून साक्ष द्यायची सवय आहे, ती चांगलीच आहे. पण साक्षीत माणूस जिंकलेलं सांगतो. हरलेलं सांगायलाही एक जागा लागते.

आता काटा. हे सगळ्यात अवघड आहे, म्हणून घाई करू नका आणि टाळूही नका.

आधी बायकोला सांगा. तिच्या वाट्याला तुमचा राग येतो, त्यामागचं ओझं तिला माहीत नाही. नोकरीवर गदा आली तर घर तिलाही चालवायचंय, तेव्हा तिच्या माघारी हा निर्णय घ्यायचा नाही. मग एक आठवडा वेगळ्या कागदावर पूर्ण वजन टिपा. वरच्या ग्रॅमचे आठवड्याचे किती किलो होतात, त्याची मजुरी किती, हा आकडा हातात घेऊन सेठकडे एकटे जा. चारचौघांत नको. त्यांना पाप-पुण्य ऐकवू नका. 'माझ्या हातून हे लिहिलं जातं, आणि मला ते यापुढे लिहिता येणार नाही. एवढ्या रकमेचा प्रश्न आहे, पूर्ण वजन धरायची परवानगी द्या,' एवढंच बोला. आकडा समोर आला की तो मालाच्या उलाढालीपुढं किती लहान आहे, हे व्यापाऱ्याला लगेच कळतं. चोख हिशेबाचा माणूस मिळणं किती कठीण आहे, हेही त्याला कळतं.

नोकरी सोडून मोकळं व्हावं असा मोह होईल. लूकच्या ३ ऱ्या अध्यायात जकातदार बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? जकात नाका सोडा असं योहान म्हणत नाही. ठरवून दिलं असेल त्याहून जास्त घेऊ नका, म्हणतो. तुम्ही त्या खुर्चीवरून उठलात तर दुसरा बसेल आणि बाराच लिहील. म्हणून आधी आहात तिथं राहून सरळ करायचा प्रयत्न करा. पण सेठ स्पष्ट नाही म्हणाले तर मात्र तुम्हाला दुसरं काम शोधायलाच लागेल. ते मिळेपर्यंत वहीत खोटं लिहायचं नाही, हेही त्यांना सांगायला लागेल. हे सोपं आहे असं मी म्हणणार नाही. मुलीची फी आहे, घरभाडं असेल. म्हणूनच हे बोलण्याआधी दोन-तीन ठिकाणी कामाची चौकशी करून ठेवा आणि पाळकांच्या कानावर घाला. मंडळी नुसती रविवारी गाणी म्हणायला नसते. खऱ्याच्या पाठीशी उभं राहणाऱ्या कुटुंबाला चार महिने धान्य पुरवणं हेही तिचंच काम आहे.

आजवर गेलेल्या वजनाचं काय? बायबलमधल्या जक्कय नावाच्या जकातदारानं फसवून घेतलेलं चौपट परत करतो असं म्हटलं. तुमच्या खिशात ते पैसे आले नाहीत, आणि जुन्या वह्यांत ग्रॅम लिहिलेलेच नाहीत, तेव्हा नेमका हिशेब निघणार नाही. तरी दोन गोष्टी करता येतील. या चोख कारभाराबद्दल सेठनं दिवाळीला काही वरकड दिलं असेल, तर ते त्या बायांचं समजा आणि त्यांच्यापर्यंत पोहोचवा. आणि मंडळीतल्या ज्या बाया आहेत, त्यांच्या घरी जाऊन सांगा की वजन कमी धरलं जात होतं, ते मी लिहीत होतो, मला क्षमा करा. त्या रागावतील, तर ऐकून घ्या. ऐकायला तत्पर, बोलायला धीमे, ते इथं कामाला येईल. बायकोला बरोबर न्या, तिची तयारी असेल तर.

तुमचा विश्वास खोटा आहे का, असं विचारलंत. खोटा असता तर टोचलं नसतं. इब्रीकरांच्या ४ थ्या अध्यायात वचनाला दुधारी तरवारीहून धारदार म्हटलंय, ते मनातले विचार आणि हेतू पारखतं. तुम्हाला पारखलं जातंय, ते दुखतंय, आणि दुखतंय म्हणून तुम्हाला वाटतं की काही होतच नाहीये. स्वभाव एका हंगामात पालटत नाही. गलतीकरांच्या ५ व्या अध्यायात सौम्यता आणि इंद्रियदमन यांना आत्म्याचं फळ म्हटलंय, म्हणजे ते नुसतं दात-ओठ आवळून येणारं नाही. तुम्ही आज्ञा पाळायला पाऊल टाका आणि बळ मागत राहा. फिलिप्पैकरांच्या २ ऱ्या अध्यायात पौल दोन्ही एका दमात सांगतो: तारण साधून घ्या, कारण इच्छा करणं आणि कृती करणं तुमच्यामध्ये साधणारा देव आहे.

राहिला उपवास. धरा, माझी ना नाही. पण त्याआधी यशयाचा ५८ वा अध्याय वाचा. लोक तिथं विचारतात, आम्ही उपास केला, तू बघत का नाहीस? देव उत्तर देतो की उपासाच्या दिवशीच तुम्ही आपला मतलब साधता आणि मजुरांना राबवून घेता. त्यामुळे मी तरी असं सुचवेन की सेठशी बोलायला जाल त्या दिवशी उपवास धरा, सकाळपासून. बायकोला आणि त्या मोठ्या माणसाला त्या वेळी प्रार्थनेत राहायला सांगा.

बोलणं झालं की मला लिहा, काय उत्तर आलं ते कळवा. नाही म्हणाले तरी कळवा. धुळे-जळगावकडे हिशेबाचं काम जाणणाऱ्या माणसाची गरज असलेली ठिकाणं असतात, मीही विचारून ठेवते.

तुमची,
ताई